आडवळणाच्या बाई

बाईंना सरळ बोलता येत नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती. पण कॉलेजात सगळ्यांना ते ठाऊक होतं. खिडकी बंद करायची असली की त्या म्हणत, "आज वारा अगदी कागदांच्या जिवावर उठलाय." चहा हवा असला की शिपायाला विचारत, "काय रे, बरा आहेस ना? सकाळपासून दिसला नाहीस." शिपाई मुरलेला होता. तो किटली घेऊनच आत यायचा.

बाई नोकरी-मार्गदर्शन कक्षात होत्या. कक्ष हे नाव भारदस्त. प्रत्यक्षात जिन्याखालची लांबट खोली, दोन टेबलं, दार न लागणारं एक कपाट, आणि भिंतीवर कंपन्यांच्या नावांचा फळा. त्यातल्या निम्म्या कंपन्या केव्हाच बुडाल्या होत्या, पण नावं पुसायची म्हणजे वाईट दिसतं, म्हणून बाईंनी ती तशीच ठेवली होती.

दोष एकट्या बाईंचा नव्हता. त्या ज्या घरात सून होऊन गेल्या, तिथे 'लेकी बोले सुने लागे' हीच बोली होती. सासूबाई नणंदेकडे बघून म्हणायच्या, "हल्लीच्या मुलींना उजाडलेलं कळत नाही," आणि नणंद बिचारी पहाटेपासून उठलेली असायची. बाईंनी ती विद्या उचलली, आणि अशी उचलली की पाच वर्षांत सासूबाईंचीच बोलती बंद झाली. नवरा एका कचेरीत इमारतींचे आराखडे काढायचा. त्याला रेघ सरळ लागायची. तो म्हणायचा, "तू आधी शेवट सांग. मग मी सुरुवात ऐकतो."

नोकरीत मात्र ही विद्या सोन्याहून पिवळी ठरली. तीस वर्षांत बाईंनी कोणाला 'नाही' म्हटलं नाही. त्या 'बघू' म्हणत. ऐकणाऱ्याला काय ते कळायचं, तो निमूट जायचा, आणि वर बाई बोलायला किती गोड, असं चार ठिकाणी सांगायचा.

मग ती मुलगी आली.

ती रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गातली पोरं तिला 'शब्दशः' म्हणत. नाव कुचेष्टेनेच ठेवलेलं, पण ती म्हणे, "बरोबर आहे ते." प्रयोगशाळेत सर एकदा तिला म्हणाले होते, "डोळ्यांत तेल घालून बघ." तिने विचारलं, "कोणतं?" सरांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी तिला तासभर बाहेर उभं केलं. मुलगी तासभर उभी राहिली आणि आपण काय चुकीचं विचारलं याचा विचार करत राहिली.

बाईंच्या टेबलापुढे ती उभी राहिली तेव्हा तिची नजर बाईंकडे नव्हती, कपाटाच्या दाराकडे होती.

"मला नोकरी हवी आहे," ती म्हणाली. "मला ऑटिझम आहे. हा डॉक्टरांचा कागद. दोन मुलाखती दिल्या. दोन्हीकडे घेतलं नाही. कारण सांगितलं नाही."

असं बिनमिठाचं बोलणं बाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांच्यापुढे त्या दिवशी अर्जांचा ढीग होता. त्या म्हणाल्या, "बरं बरं. उद्या ये, बघू."

मुलगी दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला हजर. बाई म्हणाल्या, "आज जरा गडबड आहे गं. उद्या बघू." तिसऱ्या दिवशी दहाला पुन्हा हजर. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी बाईंचा संयम सुटला. "अगं, तुला दुसरं काही काम नाही का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "त्यासाठीच येते. तुम्ही उद्या ये म्हणता, मी येते. बघू म्हणता, पण बघत नाही."

किटली घेऊन दारात उभ्या असलेल्या शिपायाला हसू आवरेना. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांना लाज वाटली. एका माणसाने आपल्या शब्दावर विश्वास ठेवून वीस वेळा जिना उतरावा आणि आपल्याला तो शब्द टाकताना आठवूही नये, याची लाज. त्यांनी अर्ज बाजूला सारले आणि म्हणाल्या, "बस."

त्या दिवशी एक वही सुरू झाली. मुलगी डाव्या बाजूला लोक म्हणतात ते लिहायची, आणि बाई उजव्या बाजूला त्याचा अर्थ सांगायच्या. 'पाच मिनिटांत येतो' म्हणजे अर्ध्या तासात. 'कधीही या' म्हणजे फोन करून या. 'आपलंच घर समजा' म्हणजे समजू नका. 'तुमचा आग्रहच असेल तर' म्हणजे आणखी एकदा आग्रह करा. 'बघू'पुढे बाई थोडा वेळ थांबल्या आणि मग त्यांनी 'बहुतेक नाही' असं सांगितलं. वही भरू लागली तसं बाईंच्या ध्यानात आलं, की हे सगळं आपण बोलतो. आणि बोलताना आपण खोटं बोलतोय असं मनातही येत नाही.

बाईंनी यावर पुस्तकं वाचली नाहीत. त्यांनी मुलीलाच विचारायला सुरुवात केली. मुलाखतीत काय होतं? "ते विचारतात, स्वतःबद्दल सांगा. कुठपासून सांगायचं ते सांगत नाहीत." गोंगाट म्हणजे कसला गोंगाट? "एका वेळी दोन आवाज. एक असेल तर चालतो." 'स्वमग्न' हा शब्द तिला आवडत नसे. "मी स्वतःत मग्न नसते," ती म्हणाली. "मी बाकी सगळ्यात मग्न असते. म्हणून दमते."

एके दिवशी तिचे वडील आले. डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकांवर अर्धं आयुष्य काढलेला माणूस. त्यांना खुर्चीच्या टोकावरच बसायची सवय होती. म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणून आणखी एकदा. नाही जमलं तर तिच्या काकांचं दुकान आहे. मागच्या खोलीत बसेल. निदान आपल्या माणसांत असेल."

मुलगी तिथेच होती. ती म्हणाली, "दुकानात दिवसभर रेडिओ आणि दाराची घंटा. सुट्टीत मी तिथे तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी माझं बोलणं बंद झालं. अकरा दिवस."

वडिलांनी मान खाली घातली. ते अकरा दिवस त्यांनीही मोजले होते. बाईंना त्या क्षणी कळलं की इथे प्रश्न नोकरीचा नाही, या मुलीच्या आवाजाचा आहे.

मग बाई हात धुऊन मागे लागल्या. औषधांची खोकी आणि माहितीपत्रकं छापणारा एक छापखाना होता. त्याचा मालक याच कॉलेजातून बाहेर पडलेला. बाईंनी त्याला गाठलं. मुलाखत नको, एक दिवस काम देऊन बघा, असं त्याच्या गळी उतरवलं. मुलीला छापलेलं पत्रक आणि मंजूर नमुना शेजारी शेजारी दिले. तिने भिंग लावून दोन तासांत सात फरक काढले. मालकाने तीन महिन्यांसाठी ठेवून घेतलं. जमलं तर कायम.

बाईंनी एवढ्यावर सोडलं नाही. मुलीला घेऊन त्या दोनदा बसने छापखान्यापर्यंत जाऊन आल्या. घडीच्या मशीनपासून लांबचं टेबल मागून घेतलं. डबा कुठे खायचा, स्वच्छतागृहाची कडी कशी अडकते, इथपर्यंत सगळं पाहून ठेवलं. अडलं तर एकाच माणसाला विचारायचं ठरलं: सगळे ज्यांना मामा म्हणत ते फोरमन.

एकच गोष्ट राहिली, आणि ती राहिली बाईंच्या स्वभावापायी. ही मुलगी बोललेलं शब्दशः घेते, तिला एका वेळी एकच आणि स्पष्ट सांगा, जमलं तर लिहून द्या, एवढं मालकाला सांगायचं होतं. बाईंनी ते सांगितलं, पण कसं? निघताना दारात हसून म्हणाल्या, "मुलगी अगदी सरळ आहे हं. तेवढं सांभाळून घ्या." मालकाला वाटलं, स्वभावाची स्तुती चाललीय. तो म्हणाला, "वा, आम्हाला अशीच माणसं हवीत."

सहा आठवडे छान गेले. मुलगी वेळेवर जायची, कानांवर आवाज अडवणारे जाड गोळे लावून काम करायची, दर शुक्रवारी जिन्याखाली येऊन आठवड्याचं सांगायची. एका शुक्रवारी तिने सांगितलं की मामांनी तिला आपल्या डब्यातलं लोणचं देऊ केलं आणि तिने 'नको, मला वास आवडत नाही' असं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "मग मामा काय म्हणाले?" "म्हणाले, उरलं म्हणजे मला."

सातव्या आठवड्यात घोळ झाला.

मुलीच्या टेबलावरची ट्यूब लुकलुकत होती. त्याच वेळी मशीनवरून एका खोक्याचा पहिला नमुना आला. त्यातला निळा मंजूर निळ्यापेक्षा फिका होता. ती मामांकडे गेली. मामा फोनवर होते, समोरचा त्यांना झापत होता. मुलगी म्हणाली, "माझी ट्यूब लुकलुकतेय आणि निळा फिका येतोय. काय करू?" मामांनी फोनवर हात ठेवला. त्यांच्या कानात ट्यूबच शिरली होती. ते म्हणाले, "आजच्या दिवस चालवून घे गं."

मुलगी मशीनवाल्याकडे गेली आणि म्हणाली, "मामांनी चालवून घ्यायला सांगितलंय." मशीनवाल्याने निळा पाहिला, तोही चक्रावला, पण मामांचा शब्द म्हटल्यावर त्याने मशीन चालवलं. अकरा हजार खोकी छापून झाली. फिकी निळी. औषध कंपनीने सगळी परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी मालकाने बोलावलं. बाई धावल्या. वाटेत त्यांनी मुलीला पढवलं, "आत गेल्यावर तू फक्त 'चुकलं' एवढंच म्हण. बाकी मी निभावते."

"काय चुकलं ते सांगू का?"

"नको. ते सांगितलं की वाढतं."

केबिनमध्ये मालक होता, मामा होते, आणि कोपऱ्यात त्या अकरा हजारांपैकी एक खोकं होतं. मालकाने विचारलं, "चूक कोणाची?" प्रश्न मुलीला नव्हता, तो हवेत टाकला होता, पण हवेत टाकलेले प्रश्न तिला ओळखू येत नसत.

"तिघांची," ती म्हणाली. "मी दोन प्रश्न एकत्र विचारले. मामांनी एकाचंच उत्तर दिलं आणि कुठल्या प्रश्नाचं ते सांगितलं नाही. मशीनवाल्यांना निळा फिका दिसला होता, त्यांनी विचारलं नाही. माझं चुकलं."

मामांचा चेहरा लाल झाला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मालकासमोर त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. बाई घाईघाईने म्हणाल्या, "तिला तसं म्हणायचं नाहीये हो."

"मला तसंच म्हणायचंय," मुलगी म्हणाली.

मालक काही क्षण पेनाचं टोपण उघडझाक करत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे. आम्ही कळवतो."

दोघी बाहेर आल्या. बाहेरच्या बोळात छापलेल्या कागदांचे गठ्ठे उभे होते आणि मधे एकालाच चालता येईल एवढी वाट होती. मुलगी थांबली. "'आम्ही कळवतो' हे वहीत नाही," ती म्हणाली. "म्हणजे काय?"

बाईंना त्याचा अर्थ पक्का माहीत होता. हे वाक्य त्यांनी स्वतः हजार वेळा वापरलं होतं. त्या म्हणाल्या, "होईल गं काहीतरी चांगलं."

"हे तुम्हाला माहीत आहे का?"

बाईंनी केबिनच्या दाराकडे पाहिलं. ही मुलगी आता घरी जाईल आणि फोनजवळ बसेल. एकोणीस दिवस बसेल, नव्वद दिवस बसेल. आणि एके दिवशी वडील तिला काकांच्या दुकानात घेऊन जातील.  बाई वळल्या आणि दार न वाजवता केबिनमध्ये शिरल्या. मुलगी मागून आलीच.

"हो की नाही ते आत्ता सांगा," बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण वाक्य सरळ होतं. "आणि त्याआधी एक ऐका. चूक तिघांची नाही, चौघांची आहे. ही मुलगी शब्दाला शब्द धरते, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी गोड बोलत बसले. तुम्हाला कळलं नाही, यात तुमचा काही दोष नाही."

मालकाने पेन ठेवलं. माणूस वाईट नव्हता. "बाई, मग खरं सांगतो," तो म्हणाला. "नाही. ठेवता येणार नाही. खोकी पुन्हा छापता येतील. पण इथे दिवसभर सगळं तोंडी चालतं, ओरडून चालतं. प्रत्येक गोष्ट लिहून द्यायची म्हणजे मला सगळी माणसं बदलावी लागतील. ते माझ्याच्याने होणार नाही."

मामा खाली बघत होते. "काम मात्र चोख करते," ते पुटपुटले. "ते खोटं नाही."

बाईंचं रडू फुटायच्या बेतात होतं. आपण एवढ्या सरळ बोललो आणि उपयोग काय झाला, असं त्यांना वाटलं. पण मुलीच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते बाईंना अपेक्षित नव्हतं. तिचे आखडलेले खांदे खाली आले होते.

"हे लिहून द्याल का?" तिने मालकाला विचारलं. "काम कसं होतं, का ठेवलं नाही, पुढच्या ठिकाणी काय करावं. तीन मुद्दे. आधीच्या दोघांनी कारण सांगितलं नव्हतं."

काढून टाकलेल्या माणसाने असं काही मागितल्याचं मालकाच्या आठवणीत नव्हतं. त्याने छापखान्याचा कागद घेतला आणि उभ्याउभ्याच लिहिलं: 'नजर पक्की. वेळेची पक्की. एका वेळी एकच काम सांगावं आणि लिहून सांगावं, मग चूक होत नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही आणि ती आणायची माझी तयारी नाही, म्हणून ठेवलं नाही.' खाली सही. मुलीने तो कागद दोनदा वाचला, एक विसरलेला अनुस्वार दाखवला, मालकाने तो दिला, आणि मग तिने घडी न घालता फायलीत ठेवला.

पुढचा शुक्रवार उजाडेपर्यंत तिने स्वतःच एक जागा हुडकून काढली. चष्म्याच्या काचा घासून तयार करणारा कारखाना. तिथे प्रत्येक जोडीबरोबर एक कार्ड फिरतं. काय करायचं, किती करायचं, सगळं त्यावर आकड्यांत लिहिलेलं. काच तपासणाऱ्याने तोंड उघडायची गरजच नाही.

बाई खूश झाल्या. "उत्तम! सोमवारी आपण लवकर निघू. आधी मी आत जाऊन जरा वातावरण बघते..."

"तुम्ही येऊ नका," मुलगी म्हणाली.

"मी बोलत नाही. बाहेर नुसती बसते."

"नको. तुम्ही आलात की लोक तुमच्याशी बोलतात. नोकरी मला करायची आहे. मी कागद दाखवीन."

एरवी बाई म्हणाल्या असत्या, "हो बाई, आता आमची कसली गरज." शब्द जिभेवर आलेही होते. त्यांनी ते गिळले. "मला वाईट वाटलं," त्या म्हणाल्या.

मुलीने विचार केला. "वाटेल," ती म्हणाली. "पण माझं बरोबर आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे."

सोमवारी बाईंचं कशात लक्ष लागेना. शिपायाने न सांगताच दोनदा चहा आणला, तो दोन्ही वेळा निवून गेला. नवऱ्याचा फोन आला, काय झालं म्हणून; "काही कळलं नाही अजून, आणि मला भीती वाटतेय," असं बाईंनी एका दमात सांगितलं.  पलीकडून नवऱ्याने विचारलं, "कोण बोलतंय?"

सव्वाबाराला पुन्हा फोन वाजला.

"मी बोलतेय," मुलगी म्हणाली. "त्यांनी कागद वाचला. म्हणाले, आमच्याकडे लिहूनच असतं. उद्यापासून यायचंय. तीन महिने नाही, कायम. आता शुक्रवारी तुमच्याकडे यायची गरज नाही. बाबांना आधी सांगितलं. त्यांनी नाक पुसलं."

बाईंना हुंदका फुटला. त्यांनी रिसीव्हर घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

"तुम्ही रडताय का?" मुलीने विचारलं.

"हो."

"बरं वाटून की वाईट वाटून? मला आवाजावरून कळत नाही."

बाईंनी खोलीकडे पाहिलं. समोरची खुर्ची रिकामी होती, आणि येत्या शुक्रवारीही तिच्यात कोणी येऊन बसणार नव्हतं.

"दोन्ही," त्या म्हणाल्या.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.